दिसत नाही म्हणायचं नाही

आमच्या घोडपदेवच्या चाळीत कुठलीही नवी गोष्ट आधी मंडळाच्या हॉलमध्ये येते आणि मग घराघरांत शिरते. योगासनं तशीच आली, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे तसेच आले, आणि गेल्या दिवाळीनंतर हितेंद्र सरांची मुलांसाठीची शनिवार-रविवारची कार्यशाळाही तशीच आली. बाकीचं सगळं आलं तसं गेलं. कार्यशाळा मात्र राहिली.

दारावर बॅनर होता, ‘आपल्या पाल्याच्या सुप्त शक्ती जागवा’. आत एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान रचलेलं, खुंटीवर आरतीच्या झांजा टांगलेल्या, आणि मधे सतरंजीवर डोळ्यांना काळ्या पट्ट्या बांधून बसलेली आमची मुलं. पट्ट्या बांधून ती वाचत होती. पेपरातले मथळे, पत्त्यांवरची चित्रं, एकमेकांच्या शर्टांचे रंग. आईबाप दारात दाटीने उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते. आणि सगळ्यांत भरभर वाचत होती ओवी, माझ्या भावाची, वैभवची मुलगी.

ओवीचं कौतुक ही आमच्या घरात नवी वस्तू होती. शाळेतून तिच्या आईला, प्राचीला, सारखं बोलावणं यायचं आणि प्राची परत आली की भांडी आपटायची. मुलगी बिनडोक नव्हती. बाईंनी वर्गात उभं केलं की तिचे शब्द घशातच अडकायचे, एवढंच. माझ्याशी ती तासन्‌तास बोलायची. माझं लग्न झालं नाही, मी भावाकडेच राहते, त्यामुळे भाचीला न्हाऊमाखू घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं माझ्याच वाट्याला आलं. सायकल शिकताना ती चाकाकडे बघून पडायची. म्हणून मी तिच्या पुढे उलटी चालत टाळ्या वाजवायचे आणि सांगायचे, चाकाकडे बघू नकोस, टाळीकडे ये. अशी ती अंगणभर माझ्या मागे फिरली आणि शिकली.

आता तीच ओवी मंडळाच्या हॉलमध्ये उभी राहून वाचत होती आणि अख्खी चाळ टाळ्या वाजवत होती. माझी आई, शेवंती, रोज संध्याकाळी मीठ-मोहरीने तिची दृष्ट काढायला लागली. मलाही आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी भोईवाड्याला कोर्टासमोर एका वकिलांकडे टायपिंग करते. दिवसभर पढवलेले साक्षीदार माझ्यासमोर बसतात. पढवलेला माणूस बोलताना कसा दिसतो हे मला माहीत आहे, आणि ओवी वाचताना तशीच दिसायची. हनुवटी जराशी वर, मान मागे.

एका शनिवारी ती कौतुकाने घरात पट्टी बांधून बसली असताना मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिच्या कपाळाच्या वर धरलं.

“वाच.”

ती म्हणाली, “आत्या, खाली धर ना.”

“का गं? तुझ्या शक्तीला वर-खाली काय त्याचं?”

तिने पट्टी काढली. तोंड उतरलं होतं. “पप्पांना सांगू नकोस,” ती म्हणाली.

मी स्वतः ती पट्टी बांधून पाहिली. नाकाच्या दोन्ही बाजूंना चांगली फट होती. मान मागे टाकली की मांडीवरचा कागद लख्ख दिसत होता. मला हसूच आलं. एवढ्यासाठी मिठाई वाटली होती आमच्या लोकांनी.

“सगळेच असे बघतात?”

“सगळेच. सर बोलले, सुरुवातीला बघा. आधी फटीतून दिसतं, मग पिवळा उजेड येतो, मग फट नसली तरी दिसतं. फक्त दिसत नाही असं म्हणायचं नाही. एकाने पण म्हटलं ना, तर सगळ्यांची शक्ती जाते.”

“कोणी म्हटलंय का कधी?”

“तळमजल्यावरची एक मुलगी बोलली होती. सर ओरडले नाहीत. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि आम्हाला सांगितलं, हिच्यामुळे आज तुम्हाला कमी दिसेल.” ओवीने आवाज खाली आणला. “आणि आत्या, खरंच कमी दिसलं. मग कोणीच तिच्याशी बोललं नाही. आता ती येत नाही.”

माझं हसू गेलं. फट ठेवून फसवणारे जगात पुष्कळ आहेत, त्यांची मला भीती वाटत नाही. या माणसाने पोरांचं तोंड बांधलं होतं, आणि त्या तोंडाला फट कुठेच नव्हती. त्याची मात्र मला भीती वाटली.

रविवारी मी सरांना गाठलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हळू आवाज, प्रत्येक मुलाचं नाव तोंडपाठ. असा माणूस आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा जड जातो. मी फटीचं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, मोठ्यांना शंका येतेच,” ते म्हणाले. “पण मुलं खोटं बोलत नाहीत. ओवीलाच विचारू या. ती नाही म्हणाली तर मी आजच सतरंजी गुंडाळतो.”

त्यांनी तिला हाक मारली. ती आली. वैभव आणि प्राचीही दारातच होते. सर वाकून म्हणाले, “ओवी बेटा, तुला पट्टीतून दिसतं की नाही?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. “दिसतं,” ती म्हणाली.

घरी आल्यावर वैभवने दार लावून घेतलं. “तुला बघवत नाही का गं तिचं चांगलं झालेलं? जन्मात पहिल्यांदा लोक तिला हुशार बोलतायत. शाळेत पण आता ती उभी राहून वाचते, बाईंनी फोन करून सांगितलं. आणि तू तिला चारचौघांत खोटी पाडतेस?” वर तो म्हणाला, “स्वतःचं असतं तर कळलं असतं तुला.”

ते मला लागलं. शिवाय शाळेचं तो खरं बोलत होता. ओवी खरंच वाचायला लागली होती, ताठ उभी राहात होती. मी मनाशी म्हटलं, असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद वाचण्यात कोणाचा जीव जात नाही. आणि मी गप्प बसले.

मग समारोप ठरला. डोळे बांधून सायकल चालवायची, हे या कार्यशाळांचं शेवटचं दाखवायचं काम असतं म्हणे. सर म्हणाले होते, अंगणात एक फेरी पुरे. पण मंडळाच्या पोरांना अंगण पुरतंय कुठे? त्यांनी ठरवलं, अंगणातून निघायचं, कमानीखालून गल्लीत जायचं, मारुतीच्या देवळाशी वळायचं आणि परत यायचं. देवळाच्या पुढे आमची गल्ली उतरती होते आणि थेट मोठ्या रस्त्याला मिळते, आणि त्या रस्त्याने शिवडी बंदराकडे जाणारे ट्रेलर रविवारीसुद्धा थांबत नाहीत. तिथे दोन पोरं दोरी धरून उभी राहतील, असं ठरलं. सायकल चालवायला अर्थातच ओवी.

मी तिला एकटीला विचारलं, “जमेल तुला?”

“खाली बघत जाईन ना,” ती म्हणाली. “चाकापुढचं दिसतं तेवढं. सगळ्या गल्लीतले खड्डे माहितीयत मला.”

मला ते पटलं नाही, पण जिवाला जरा थंडावा मिळाला. दिसतंय ना तिला, मग झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फटीचे आभार मानले.

आता शामराव. आमच्या शेजारचे, रिटायर झाल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करतात. ते वैभवला म्हणाले, “अरे, नाकाजवळ एवढी फट ठेवल्यावर मी पण वाचेन, आणि मला तर मोतीबिंदू आहे.” चार माणसं हसली. वैभव तडक घरात येऊन आईशी काहीतरी कुजबुजला. त्या आठवडाभर आईचं मशीन चालू होतं. तिने जन्मभर चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, तिचं मशीन चालू असणं यात नवल ते काय? मी विचारलंही नाही.

समारोपाच्या सकाळी अंगणात मांडव घातला होता. आई नवं लुगडं नेसून आली आणि पदराखालून एक वस्तू काढून माझ्यापुढे धरली. काळ्या मखमलीची पट्टी. कडेने जर लावलेली, आतून मऊ अस्तर.

“बघ गो, नातीसाठी शिवलंय. नाकाकडे कसो कापूस भरलंय बघ. मुंगी पण शिराची नाय आत. आता काय बोलतत शामराव ता बघूया.”

मी पट्टी डोळ्यांना लावली. अंधार. मान मागे टाकली, पुढे टाकली, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे अंधार. माझ्या आईचं काम कधीच कच्चं नसतं. 

मी ओवीकडे धावले. ती सायकलजवळ उभी होती, दोन वेण्या, कपाळाला गंध. मी तिच्या कानाशी म्हटलं, “आजीने शिवलेल्या पट्टीतून काही दिसत नाही. तू नाही म्हण. पोटात दुखतंय म्हण.”

तिने माझ्या हातातून पट्टी घेऊन डोळ्यांना लावली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. वर्गात बाईंनी उभं केल्यावर व्हायचं तसं झालं होतं तिचं. सतरंजीवर बसलेली बाकीची सगळी मुलं तिच्याकडे बघत होती.

मी पट्टी घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने नाकाजवळचा कापूस दाबून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी तो उडताना पाहिला. त्यांना सगळं कळलं होतं. माईक त्यांच्या हातात होता. आज अंगणातच फेरी मारू, एवढं बोलले असते तरी पुष्कळ होतं.

“ओवी बेटा,” ते म्हणाले, “दिसतंय ना?”

“दिसतंय सर.”

“मग झालं तर,” असं म्हणून ते मांडवाकडे वळले. त्या माणसाला मी कधीही माफ करणार नाही.

मी सायकलचं हँडल धरलं. “वैभव, ती आतापर्यंत फटीतून बघत होती रे. या पट्टीला फट नाही. ती सरळ मोठ्या रस्त्यावर जाईल.”

“झालं तुझं सुरू परत,” तो दातांतल्या दातांत म्हणाला. “सीन नको करू, अनुजा. सोड.” प्राचीने माझी बोटं एकेक करून हँडलवरून काढली. ती रडत होती, पण काढली. बायकांनी मला मागे ओढलं. आईने ओवीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मागे घट्ट गाठ मारली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. ओवीची हनुवटी छातीला टेकली होती. मान वर करून काही उपयोग नाही, हे तिला समजलं होतं. कोणीतरी सायकलला धक्का दिला.

ओरडले असते तर ती दचकून पडली असती, किंवा आवाजाने भलतीकडे गेली असती. टाळ्या वाजवाव्यात तर अख्खी चाळ टाळ्या वाजवत होती, त्यात माझ्या दोन हातांचा आवाज कोणाला ऐकू येणार? मी हॉलमध्ये शिरले, खुंटीवरच्या झांजा ओढल्या आणि बायकांना ढकलत कमानीतून तिच्या पुढे धावले.

मग मी झांजा वाजवायला लागले. उलटी चालत, पूर्वीसारखीच. पुढचं चाक डगमगलं, थांबेल असं वाटलं, आणि मग माझ्याकडे वळलं. मी डावीकडे सरले की ती डावीकडे येत होती. नळाच्या ओट्याला वळसा घातला, उघड्या गटाराच्या कडेने गेलो. दोन्ही बाजूंनी लोक हसत होते, म्हणत होते, आत्या नाचतेय, अखेर आत्यालाही पटलं. वाटू दे. माझं लक्ष फक्त त्या दोन वेण्यांकडे होतं.

देवळाशी वळायचं होतं, आणि तिथेच कोणीतरी भक्तिभावाने देवळातली घंटा बडवायला सुरुवात केली. दोन आवाज एकात एक मिसळले. ओवीला वळण कळलं नाही. सायकल देवळावरून पुढे निघाली, उताराला लागली, आणि तिने ब्रेक लावला नाही, कारण तिला उतार दिसतच नव्हता. मी वळून पाहिलं. दोरी धरणारी दोन पोरं एका हाताने शूटिंग करत होती आणि दोरी रस्त्यावर लोळत होती. दोरीच्या पलीकडून एक ट्रेलर गेला, एवढा जवळून की माझे केस उडाले. मी उतारावर, त्या रस्त्याकडे पाठ करून, घंटेपेक्षा मोठ्या आवाजात झांजा बडवल्या. बोटं सोलवटली. ती अगदी माझ्या अंगावर आली, पुढचं चाक दोरीवर चढलं, आणि तेव्हा मी वाजवतच बाजूला झाले. ती माझ्याबरोबर वळली. वळून चढणीला लागली आणि माझ्या मागे मागे परत अंगणात आली.

पुढे जे झालं त्याला जल्लोष म्हणतात. वैभव लहान मुलासारखा रडला. शामरावांनी गॅलरीतून हात जोडले आणि म्हणाले, “अनुजा, मी हरलो बघ.” सर जागचे हलले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी आईने शिवलेली पट्टी उचलली, सगळ्यांकडे पाठ करून आपल्या डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग वळले. ते ओवीकडे देवाकडे बघावं तसे बघत होते. सर खोटे होते तोवर ठीक होतं. आता त्या माणसाचा विश्वास बसला होता.

त्यांनी माईकवरून सांगितलं की पुढच्या महिन्यात दादरला मोठा कार्यक्रम घेऊ, चालत्या रस्त्यावर, आणि ओवी त्यात सगळ्यांच्या पुढे असेल. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी तिला गच्चीवर नेलं आणि माझी सोललेली बोटं दाखवली. “तू आवाजावर आलीस, ओवी. मी झांजा वाजवत पुढे होते. सायकल शिकताना टाळ्यांमागे यायचीस, तसंच.”

“हो, झांजा,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “पिवळ्या होत्या ना? मला दिसल्या, आत्या. आधी पूर्ण काळोख होता, मी खूप घाबरले. मग पिवळा उजेड आला, सर बोललेले तसाच, आणि मी उजेडाच्या मागे गेले. तू पण दिसलीस. हिरव्या साडीत.”

“हिरवी साडी तू पट्टी बांधायच्या आधीच पाहिली होतीस. झांजा तर जन्मापासून पाहतेस. तुला काही दिसलं नाही, बाळा. तू ऐकलंस.”

तिने माझ्या ओठांवर हात ठेवला, हळूच, लहान मुलाला गप्प करावं तसा. “दिसत नाही म्हणायचं नाही,” ती म्हणाली.

मी सगळ्यांना सांगितलं. वैभवला, प्राचीला, आईला. आई म्हणाली, “देवाचा नाव घे आणि गप ऱ्हव.” माझ्या हातात झांजा होत्या हे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि ते बघून सगळे म्हणतात, बघ, तू स्वतः नाचत होतीस.

सोमवारी तिला शाळेत सोडायला मीच निघाले. मोठ्या रस्त्याशी आलो. सिग्नल बंद होता. मी उजवीकडे बघत होते, टेम्पोमागून टेम्पो येत होते. डाव्या हातात तिचा हात होता, असं मला वाटत होतं. खाली पाहिलं तर माझ्या हातात तिची डब्याची पिशवी होती.

ती फुटपाथवरून उतरून अर्ध्या रस्त्यात गेली होती. तिच्या आणि माझ्या मधून गाड्या जात होत्या, पाय टाकायला जागा नव्हती. एक ट्रेलर हॉर्न देत तिच्या पलीकडून गेला आणि तिचा फ्रॉक हलला. ती थांबली आणि माझ्याकडे तोंड करून वळली. डोळे मिटलेले होते, हनुवटी छातीला टेकलेली, आणि ती हसत होती.

“ओवी, डोळे उघड,” मी ओरडले. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि तशीच पुढे यायला पाऊल उचललं. उजवीकडून टेम्पो येत होता. टाळी वाजवली नसती तर ती तिथेच मेली असती. वाजवली तर पुढच्या वेळी ती आणखी मोठ्या रस्त्यावर उतरणार होती. हे दोन्ही मला त्या क्षणी कळत होतं. मी बाजूला सरले, जिथे गाड्यांत जरा अंतर होतं तिथे, आणि टाळ्या वाजवायला लागले.

तिचं पाऊल तिकडे वळलं. “दिसतेस तू मला,” ती म्हणाली, आणि मिटल्या डोळ्यांनी चालत माझ्याकडे यायला लागली. मी रडत होते, आणि टाळ्या वाजवत होते.